निरुपद्रवी, पण कुणाला?

बेळगाव शहर अनगोळपर्यंत आलं आणि अनगोळला ओलांडून पुढं गेलं, तरी जुन्या गावठाणात घरामागं अजून गोठे आहेत. आषाढ-श्रावणात पहाटे धारेच्या वेळी तिथं जाऊन उभं राहावं. ओलसर शेणींचा धूर कोंडलेला असतो, म्हशी शेपट्या आपटत असतात आणि धार काढणारी बाई मधूनच एक हात सोडून म्हशीच्या पोटाखाली चापट मारते. ती मारत असते ती घरमाशी नव्हे, गोमाशी. मधमाशीहून मोठी, डोळे जवळजवळ डोक्याएवढे, हिरवट चमकणारे. डासासारखी ती अलगद सुई खुपसत नाही. कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. जनावराला कळ येते, ते अंग थरथरवतं, शेपटी मारतं, आणि पोट भरायच्या आतच माशी उठून शेजारच्या म्हशीवर जाऊन बसते. तिच्या तोंडाला आधीच्या म्हशीचं रक्त ओलंच असतं.

या पुस्तकाचा विषय त्या ओल्या रक्तापासून सुरू होतो.

मी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. रक्ताचा ताजा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी जत्रेतल्या गर्दीसारख्या दाटून उभ्या दिसतात. एकदा एका पशुवैद्य मित्रानं टांग्याच्या आजारी घोड्याचं रक्त आणलं होतं. त्या गर्दीत ढकलाढकल चालली होती. आधी जंतू दिसेचना, नुसत्या धक्के खाणाऱ्या पेशी दिसत होत्या. मग नजर बसली तेव्हा कळलं, की एक बारीक, काचेसारखा, कडेला झालर लावलेला जीव वळवळत वाट काढतो आहे. लांबी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी. ट्रायपॅनोसोमा हे त्याचं नाव ग्रीक भाषेतल्या गिरमिटावरून पडलं आहे, आणि सुताराचं गिरमिट लाकडात फिरताना ज्यानं पाहिलंय त्याला ते लगेच पटतं.

या जंतूची पुढची ओळख ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी. त्याच्यामुळं जनावरांना होणाऱ्या रोगाला सर्रा म्हणतात. घोड्याला तो झाला की ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. पाय सुजतात, अंगावरचं मांस झडत जातं, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर घोडा वाचत नाही. उंटाची गत तीच, फक्त सावकाश. गायी-म्हशी बरेचदा हा जंतू अंगात घेऊन महिनोन्महिने उभ्या असतात. दूध आटतं, गाभ पडतो, शेतकरी वैरणीला दोष देत राहतो. कुत्र्याच्या डोळ्यावर पांढुरका पडदा येतो. जुलै २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ पाहता पाहता दगावले, त्यांच्याही रक्तात ट्रायपॅनोसोमा होता.

वाघाला लोळवणारा हा जंतू धार काढणाऱ्या बाईला मात्र काही करत नाही. गोमाशी तिलाही चावते. तिच्या बोटांना विळ्याचे काप असतात, भेगा असतात, आणि व्यालेल्या म्हशीचं रक्त त्या हातांना लागतं. जंतू तिच्या रक्तात पोचत असणार यात शंका नाही. मग तो तिथं मरतो कसा? आणि आफ्रिकेत त्याचेच सख्खे भाऊबंद माणसाला झोपेच्या गुंगीत नेऊन मारतात, ते कसं काय?

हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी विचारत असे, आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्याचं पुरं उत्तर माझ्याजवळही नव्हतं. ते आलं २००३ नंतर, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आपल्या महाराष्ट्रातल्या चंद्रपूर जिल्ह्यातून आला. हे पुस्तक लिहिणारी डॉक्टर माझी एकेकाळची विद्यार्थिनी. तिनं प्रस्तावना मागितली तेव्हा मी एवढंच म्हटलं, की चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याबद्दल मला सविस्तर लिहू दे.

पण आधी थोडं मागं जायला हवं. १८८० साली पंजाबच्या सरहद्दीवर डेरा इस्माईल खान इथं लष्कराचे घोडे आणि उंट सर्र्यानं मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याला चौकशीसाठी पाठवलं. त्यानं आजारी जनावरांच्या रक्तात हा वळवळणारा जीव पाहिला, ते रक्त निरोगी जनावरांना टोचलं आणि तीही आजारी पडली. या जातीच्या जंतूमुळं रोग होतो हे जगात पहिल्यांदा दाखवलं गेलं ते आपल्या या उपखंडात. पण इव्हान्सच्या वरिष्ठांचा विश्वास बसेना, आणि त्याला कारण होतं. दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी उंदरांच्या रक्तात तसलेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. उंदराला काही होत नाही, तर घोड्याला कशानं होईल? दिसायला सारखे म्हणजे वागायला सारखे, असा तो हिशेब. लुईस यांचं निरीक्षण चूक नव्हतं. उंदरातला तो जीव वेगळ्या प्रजातीचा आणि उंदराला खरोखरच फारसा न जाचणारा. चूक झाली ती एका भाऊबंदाच्या वागण्यावरून दुसऱ्याची हमी घेण्यात. हे पुस्तक वाचताना ही गोष्ट मनात धरून ठेवावी, कारण तीच चूक पुढं दीडशे वर्षं वेगवेगळ्या रोगांच्या बाबतीत होत आली आहे.

१९०२ मध्ये फ्रान्समध्ये लाव्हरां यांनी, हिवतापाचा जंतू शोधणारे तेच लाव्हरां, एक साधा प्रयोग केला. ट्रायपॅनोसोमा झालेल्या उंदरांना माणसाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, टोचला. जंतू मेले. घोड्याच्या, गाईच्या द्रवानं तसं होत नव्हतं. माणसाच्या रक्तातच या जंतूवरचं विष आहे, एवढं त्या दिवशी कळलं. ते विष नेमकं कोणतं हे कळायला शंभर वर्षं लागली. २००३ मध्ये ब्रुसेल्समधल्या एतिएन पेस यांच्या प्रयोगशाळेनं ते प्रथिन ओळखलं. त्याचं नाव एपोलायपोप्रोटीन एल-१, थोडक्यात एपोएल-१. कोलेस्टेरॉलच्या तपासणीत ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून जे कण मोजतात, त्यांतल्या काही कणांवर हे प्रथिन बसलेलं असतं. जंतूला वाढायला रक्तातलं लोह लागतं. ते मिळवण्यासाठी तो हे कण आपणहून आत ओढतो, आणि त्यांच्याबरोबर एपोएल-१ आत जातं. जंतूच्या पोटातल्या पचनाच्या पिशवीत पोचलं की ते तिच्या भिंतीला भोकं पाडतं. पिशवी फुगते आणि जंतू फुटून मरतो. अन्न म्हणून गिळलेला घासच त्याच्या जिवावर उठतो.

आता आफ्रिका. तिथं ट्रायपॅनोसोमा ब्रुसाय या एकाच प्रजातीत तीन भाऊ आहेत. थोरला ब्रुसाय गुरांना नागाना नावाचा रोग देतो, माणसाच्या रक्तात मरतो. रोडेसिएन्से पूर्व आफ्रिकेत माणसाला निद्रारोग देतो, तोही तडकाफडकी. गॅम्बिएन्से पश्चिमेकडं आणि मध्यभागी माणसाला वर्षानुवर्षं पोखरत नेतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिघांत काडीचा फरक नाही. कुणी कितीही पाहिलं तरी सांगता येत नाही. एकेकाळी फरक ओळखायचा एकच मार्ग होता, माणसाला टोचून पाहणे, आणि तसे प्रयोग झालेले आहेत. मग १९७० च्या सुमारास माणसाच्या रक्तात जंतू काही वेळ ठेवून नंतर उंदराला टोचायची पद्धत आली.

ब्रुसायचा संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला. सुमारे नऊ हजार जनुकं. त्यांत रोडेसिएन्सेकडं एक जनुक जास्त आहे, एसआरए. १९९८ मध्ये हे एकच जनुक प्रयोगशाळेत ब्रुसायच्या अंगात घातलं आणि तो माणसाच्या रक्तात जगू लागला. नऊ हजारांत एकाची भर पडली आणि गुरांचा रोग माणसाचा झाला. एसआरए आलं कुठून हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. हा जंतू अंगावर प्रथिनांचा एक अंगरखा चढवून फिरतो, आणि आपल्या शरीरानं तो ओळखला की बदलून दुसरा घालतो. त्यासाठी शेकडो अंगरख्यांची जनुकं तो जपून ठेवतो. ताप चढतो आणि उतरतो तो या बदलामुळंच. एसआरए हे असंच एक अंगरख्याचं जनुक, मधला तुकडा गळून आखूड झालेलं. पांघरायच्या कामाचं ते राहिलं नाही, पण जंतूच्या आत जाऊन एपोएल-१ ला मिठी मारून निकामी करायच्या कामाचं झालं. गॅम्बिएन्सेनं वेगळीच वाट धरली. त्यानं ते कण आत ओढणारं दारच अर्धवट बंद केलं, आणि शिवाय अंगरख्याच्याच जातीतलं आणखी एक प्रथिन घडवलं, ज्यानं आतल्या भिंती कठीण होतात. एकाच शत्रूविरुद्ध दोन भावांनी दोन निराळे उपाय शोधले, एकमेकांना न विचारता.

युगांडात सोरोटी जिल्ह्यात १९९८ पासून निद्रारोगाची साथ आली, जिथं तो पूर्वी नव्हता. मागोवा घेतला तर ती गुरांच्या बाजारातून आली होती. रोगाच्या भागातली गुरं विकत आणली गेली, त्यांच्या रक्तात रोडेसिएन्से होता. गाय आजारी दिसत नव्हती. एसआरए जनुक शोधायची चाचणी केली तेव्हाच कुठल्या गाईच्या अंगात माणसाचा मारेकरी आहे आणि कुठल्या गाईच्या अंगात त्याचा भाऊ, ते समजलं. रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला भरणारा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. मिरज, कोल्हापूर, निपाणी, विजापूर, कुठली कुठली जनावरं एका माळावर दावणीला लागतात, आणि गोमाशीला महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द ठाऊक नसते.

आपल्याकडच्या इव्हान्सीकडं एसआरए नाही. गॅम्बिएन्सेची युक्तीही नाही. म्हणून तो माणसात मरतो, हे झालं उत्तर. पण उत्तर असं एकाच बाजूनं दिलं की ते अर्धंच राहतं, आणि हे दाखवून दिलं चंद्रपूरच्या माणसानं.

२००४ सालची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. पाच महिने ताप येत होता. चढायचा, उतरायचा, बरं वाटायचं, पुन्हा चढायचा. आपल्याकडं असा ताप म्हटलं की पहिला संशय मलेरियाचा, म्हणून रक्ताची पट्टी काढली. तपासणाऱ्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तिथं मलेरियाचा जंतू नव्हता. तांबड्या पेशींच्या मध्ये झालरीचे लांबट जीव होते, एक-दोन नव्हे, भरपूर. पुस्तकातल्या आफ्रिकेच्या पानावरचं चित्र चंद्रपूरच्या माणसाच्या रक्तात. तो आफ्रिकेला कधी गेला नव्हता, आणि निद्रारोगाचा जंतू पसरवणारी त्सेत्से माशी भारतात नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी हे प्रकरण सोडलं नाही. जंतूची परोपरीनं तपासणी झाली आणि प्रत्येक चाचणी एकाच नावावर येऊन थांबली: ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी. घोड्या-म्हशीचा सर्रा. माणसाला तो झाल्याचं जगाच्या वैद्यकात पहिल्यांदाच नोंदलं गेलं, २००५ मध्ये. बाधित जनावराचं रक्त अंगात गेलं असावं, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं, मेंदूपर्यंत जंतू पोचला नव्हता. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरतात ते सुरामिन हे जुनं औषध दिलं, आणि तो बरा झाला.

मला त्या पट्टीवर नजर ठेवून बसलेल्या तंत्रज्ञाचं नेहमी कौतुक वाटत आलंय. मलेरिया नाही असं लिहून पट्टी बाजूला टाकणं सोपं होतं. दिवसाला शेकडो पट्ट्या असतात.

पुढचा प्रश्न असा होता: हा जंतू बदलला का? त्याला कुठून एसआरएसारखं काही मिळालं का? तसं असतं तर साऱ्या देशाला धोका होता, कारण सर्रा देशभर आहे. ब्रुसेल्सच्या त्याच प्रयोगशाळेत शेतकऱ्याचं रक्त तपासलं गेलं, आणि २००६ मध्ये उत्तर छापून आलं. जंतू होता तसाच होता. बदल शेतकऱ्यात होता. त्याच्या रक्तातल्या द्रवानं जंतू मरतच नव्हते, कारण त्यात एपोएल-१ अजिबात नव्हतं. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्याच्या दोन्ही प्रतींत अक्षरांची अशी गळती किंवा भर झाली होती की पुढचं सगळं वाचन सरकून निरर्थक झालं होतं. एखाद्या ओळीतलं एक अक्षर गाळून उरलेली ओळ तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचायचा प्रयत्न करावा, तसं. मग प्रयोगशाळेत बनवलेलं एपोएल-१ त्याच द्रवात मिसळलं आणि जंतू पटापट मेले. इतकं स्वच्छ उत्तर जीवशास्त्रात फार क्वचित मिळतं.

हा माणूस त्या तापापर्यंत धडधाकट जगला, शेती केली. २०१२ मध्ये त्याच्या मूत्रपिंडांबद्दल स्वतंत्र अभ्यास आला, त्यातही दोष सापडला नाही. एपोएल-१ नसूनही माणूस मजेत जगू शकतो. फक्त एका विशिष्ट जंतूशी गाठ पडली तेवढ्यापुरता तो उघडा पडतो. मूत्रपिंडांचा विषय निघाला त्याला कारण आहे. २०१० मध्ये कळलं होतं की आफ्रिकी वंशाच्या लोकांत एपोएल-१ चे दोन बदललेले नमुने आहेत. ते रोडेसिएन्सेलाही मारतात, पण दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. जंतूनं ढाल बनवली, माणसानं ती भेदणारा बाण बनवला, आणि त्या बाणाची किंमत मूत्रपिंडांनी मोजली.

शेतकऱ्याच्या गावात नंतर पाहणी झाली. १८०६ जणांचं रक्त तपासलं. पहिल्या चाचणीत ४१० जणांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं असल्याचा इशारा मिळाला. कडक तपासणीत ६० जण टिकले. आणि त्या साठांतल्या एकाच्याही रक्तात जिवंत जंतू सापडला नाही. याचा अर्थ गावातल्या माणसांच्या अंगात जंतू येत-जात असतो आणि एपोएल-१ त्याला संपवत असतं. माझ्या अनगोळच्या गोठ्यातल्या बाईचं उत्तर हे.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण २०१६ मध्ये व्हिएतनामहून एका बाईची नोंद आली. तिलाही इव्हान्सी झाला होता, आणि तिच्या एपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत होत्या, रक्तातलं प्रमाणही नेहमीचं. तिच्यात जंतू कसा टिकला याचा खुलासा चंद्रपूरच्या किल्लीनं होत नाही. पुस्तकात लेखिकेनं हे झाकलेलं नाही याचा मला आनंद आहे. विद्यार्थ्याला उत्तराइतकीच त्या उत्तराची हद्दही दाखवावी लागते.

इव्हान्सी स्वतः ब्रुसायच्या घरातूनच निघालेला आहे. ब्रुसायला आयुष्याचा अर्धा भाग त्सेत्से माशीच्या पोटात काढावा लागतो, आणि तिथं जगायला पेशीतल्या एका खास डीएनएची गरज असते. त्या डीएनएचं जाळंच्या जाळं पेशीत एका ठिकाणी बसलेलं असतं. इव्हान्सीनं त्यातला महत्त्वाचा भाग हरवला. ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका प्रथिनातल्या बारीकशा बदलानं ते हरवणं त्याला सोसवलं. माशीच्या पोटात त्याला आता जगता येत नाही, पण म्हणून त्याला त्सेत्सेही लागत नाही. कुठल्याही चावऱ्या माशीच्या ओल्या तोंडावर बसून तो आफ्रिका सोडू शकला, उंटाबरोबर आशियात आला आणि जहाजांवरच्या घोड्यांबरोबर दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचला. गमावलेल्या जनुकांनी त्याला जग मोकळं करून दिलं. ‘प्रगत’ आणि ‘मागासलेला’ हे शब्द मी वर्गात वापरणं सोडलं ते या जंतूमुळं.

आता एक घरचा विषय, कारण ट्रायपॅनोसोमा आपल्यापैकी फार थोड्यांना भेटेल, पण आव सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरातल्या एका वयस्कर माणसाला पोटाचा किरकोळ त्रास होता. शौचाच्या तपासणीत ‘एंटअमीबा हिस्टोलिटिकाच्या’, म्हणजे आमांशाच्या अमीबाच्या, ‘गाठी दिसल्या’ असा अहवाल आला. मेट्रोनिडाझोल सुरू झालं. तोंडाला धातूची चव, मळमळ, जेवण तुटलं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तीच गोळी. चार वेळा. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण त्या अहवालातलं वाक्य सूक्ष्मदर्शकावरून लिहिता येण्यासारखंच नव्हतं.

कारण हिस्टोलिटिकाला डिस्पार नावाचा जुळा भाऊ आहे. त्याच्या गाठी तेवढ्याच मोठ्या, चार केंद्रकांच्या, अगदी तशाच. १९२५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्त यांनी सांगितलं होतं, की या दोन वेगळ्या प्रजाती आहेत, एक आतडं फाडते आणि दुसरी काही करत नाही. कुणी ऐकलं नाही. दिसायला सारखे म्हणजे एकच, हा तोच जुना हिशेब. जैवरसायनाचे आणि जनुकांचे पुरावे साठत गेले, १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोघांची रीतसर फारकत केली, आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती मान्य केली. ब्रुम्प्त तेव्हा हयात नव्हते. पोटात आमांशाचा अमीबा असलेले म्हणून जे कोट्यवधी लोक जगभर मोजले जात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात निरुपद्रवी डिस्पार होता.

फरक कुठं आहे? हिस्टोलिटिका आतड्याच्या भिंतीचा गारा पोखरायला काही पाचक प्रथिनं बाहेर सोडतो. त्यांतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचं जनुक डिस्पारकडं मोडक्या अवस्थेत आहे. चंद्रपूरच्या शेतकऱ्याचं जनुक मोडलं होतं, इथं जंतूचं मोडलंय. एकाचं मोडणं माणसाला घातक ठरलं, दुसऱ्याचं माणसाला वाचवून गेलं. तिसरा भाऊ मोशकोव्हस्की, गटाराच्या पाण्यात सापडलेला म्हणून माणसाशी संबंध नसलेला मानला जाई. बांगलादेशात आणि मग आपल्या पुदुच्चेरीत तो माणसांच्या शौचात सापडला. दिसायला तोही तसाच. जनुकावर आधारलेली चाचणी केल्याशिवाय तिघांना वेगळं काढता येत नाही. सूक्ष्मदर्शकानं फक्त एकाच बाबतीत बरीचशी खात्री देता येते, अमीबानं तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या तर.

पुस्तकात हिवतापाच्या जंतूंवरही प्रकरण आहे. त्याबद्दल मी एकच सांगतो: माकडांचा म्हणून ओळखला जाणारा प्लास्मोडियम नोलेसाय माणसाला होऊ शकतो हे कलकत्त्यात १९३२ मध्येच टोचून दाखवलं गेलं होतं, आणि बोर्निओत तो माणसांत सर्रास होतो हे २००४ मध्ये उघड झालं. मधली बहात्तर वर्षं त्या रुग्णांच्या रक्तपट्ट्या दुसऱ्याच जंतूच्या नावावर लिहिल्या गेल्या.

अनगोळमधून टिळकवाडीकडं निघालं की वाटेत व्हॅक्सिन डेपोचं झाडीनं भरलेलं मैदान लागतं. पोरं तिथं क्रिकेट खेळतात. देवीची लस तिथं वासरांच्या कातडीवर वाढवली जात असे. देवीचा विषाणू माणसाला मारणारा, आणि लशीतला त्याचा नातेवाईक हातावर एक फोड उठवून जाणारा. परजीवींच्या पुस्तकात विषाणूला जागा नाही, पण त्या मैदानावरून जाताना मला दर वेळी वाटतं, की सौम्य नातेवाइकाची नीट ओळख पटली की माणसानं केवढं काम करून घेतलं. शेवटी देवीचा रोग पृथ्वीवरून गेला. ट्रायपॅनोसोमाच्या बाबतीत तसा सौम्य नातेवाईक लस म्हणून कामाला येणार नाही, कारण अंगरखे बदलणाऱ्याला एका अंगरख्याची ओळख पुरत नाही. इथं ओळखीचा उपयोग निदानाला आहे.

म्हणून हे पुस्तक मराठीत आलं याचं मोल मला मोठं वाटतं. गावागावातल्या प्रयोगशाळेत पट्टी पाहणारी मुलं-मुली, पशुवैद्यकीय दवाखान्यातले कर्मचारी, आशाताई, दूध संघाचे पर्यवेक्षक, यांच्या हातात ते पडावं. वरचा डॉक्टर नंतर येतो. पट्टी आधी यांच्या नजरेखालून जाते.

वाचकांना माझी एक विनंती आहे. जनावरं पाळत असाल, मेलेल्या जनावराचं कातडं काढत असाल, व्यालेल्या म्हशीला हात लावत असाल, तर हाताला जखम असताना फडकं किंवा मोजा घाला. आणि पंधरा दिवसांहून जास्त दिवस चढउतार करणारा ताप असेल, मलेरियाची तपासणी कोरी येत असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: आमच्या घरी गोठा आहे, रक्ताची पट्टी पुन्हा एकदा, सावकाश बघा.

अनगोळ, बेळगाव